नाव बदलण्याआधी जुन्या गाण्यांचं बघा

नऊ वर्षं मी एकाच नावाने गाणी केली. त्या नावात एक इंग्रजी शब्द होता, त्याचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं होतं आणि शेवटी एक आकडा होता. एकोणिसाव्या वर्षी हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी, कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी, माइक धरलेल्या माणसाला ते कसं उच्चारायचं हे समजावताना कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

पण नाव टाकलं ते त्यासाठी नाही. एका संध्याकाळी मी माझी सगळी गाणी एका फाइलमध्ये ओळीने उतरवली. एकतीस गाणी. त्यातल्या सत्तावीस गाण्यांत पहिल्या दोन ओळींतच ‘तू’ होता. नऊ वर्षं मी कुणाकडे तरी बोट दाखवून गात होते. आणि वहीत गेले वर्षभर जे साचत होतं त्यात ‘तू’ कुठेच नव्हता. रिकामी लिफ्ट होती, आईचा तुटलेल्या दांडीचा चष्मा होता, कुणी न उचललेला फोन होता. ही दोन घरं एका पाटीखाली नांदणार नाहीत हे तेव्हा कळलं.

मग मी नवं नाव घेतलं, आणि कामं अगदी उलट्या क्रमाने केली: आधी नाव, मग लोगो, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी जुन्या गाण्यांचा विचार. त्याची किंमत पुढे सांगतेच. तुम्ही हा क्रम फिरवा.

बदलतंय नक्की काय

नाव बदलण्याच्या तीन तऱ्हा माझ्या डोळ्यांसमोर असतात. डॅन स्नेथ ‘मॅनिटोबा’ या नावाने संगीत करत होता. ‘हँडसम डिक मॅनिटोबा’ या नावाने गाणाऱ्या दुसऱ्या कलाकाराने कोर्टाची धमकी दिली आणि 2004 मध्ये स्नेथ ‘कॅरिबू’ झाला. संगीत तेच, पाटी नवी. आधीचे अल्बमही पुढे कॅरिबूच्या नावानेच पुन्हा निघाले. दुसरी तऱ्हा ओवेन पॅलेटची. हा माणूस ‘फायनल फँटसी’ म्हणून ओळखला जायचा, म्हणजे एका प्रसिद्ध व्हिडिओ गेमच्या नावाने. 2009 च्या अखेरीस त्याने आपण होऊन ते नाव सोडलं आणि 2010 पासून स्वतःच्या खऱ्या नावाने अल्बम काढायला लागला. त्यानेही जुनं सोबत घेतलं.

तिसरी तऱ्हा जॉश टिलमनची. ‘जे. टिलमन’ या नावाने त्याने बरेच अल्बम केले, मध्ये फ्लीट फॉक्सेस या बँडमध्ये ड्रम वाजवले, आणि 2012 मध्ये ‘फादर जॉन मिस्टी’ म्हणून समोर आला. जे. टिलमनचे अल्बम जे. टिलमनकडेच राहिले. आवाज त्याच माणसाचा, पण बोलणारा दुसराच कुणीतरी.

तिघांतला फरक बघा. तो नावात नाही, जुन्या गाण्यांना कुठे ठेवलं त्यात आहे. म्हणून तुमचा पहिला कागद नावांच्या यादीचा नको, गाण्यांच्या यादीचा हवा. मी साधा तक्ता केला, चार रकाने: गाण्याचं नाव, शब्द आणि चाल कुणाची, रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, आणि चौथा, आज हे गाणं मी न हसता गाऊ शकते का. पहिले तीन रकाने भरायला दोन दिवस गेले, कारण जुने ईमेल उपसावे लागले. चौथा वीस मिनिटांत भरला. एकतीसपैकी सहा गाणी उरली. उरलेली पंचवीस मी पुसली नाहीत. ती जुन्या नावाखाली तशीच आहेत, आणि तशीच असू द्यावीत असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या तरी एका उन्हाळ्याला ती चिकटलेली असतात. आपल्याला लाज वाटते म्हणून दुसऱ्याच्या आठवणीतला सूर काढून घेण्याचा हक्क आपल्याला कसा काय मिळतो?

नियम म्हणून सांगायचं तर: आवाज आणि लिहिणं तेच असेल, फक्त नावाची अडचण असेल, तर जुन्या प्रोफाइलचंच नाव बदलून घ्या आणि गाणी सोबत न्या. लिहिणंच बदललं असेल तर नवं प्रोफाइल काढा. यामागे कारण आहे. स्पॉटिफायची रिलीज रडार ही नव्या गाण्यांची प्लेलिस्ट तुमचं नवं गाणं आधी तुम्हाला फॉलो करणाऱ्यांकडे नेते. माझे जुने श्रोते नाचायला आलेले होते. त्यांच्या कानात मी संथ, ठेका नसलेलं गाणं टाकलं असतं तर दहाव्या सेकंदाला त्यांनी पुढचं लावलं असतं, आणि यात त्यांचं काही चुकलं नसतं. नव्या प्रोफाइलवर श्रोते शून्य असतात, पण निदान चुकीचे नसतात.

इन्स्टाग्रामचं मात्र उलट केलं. तिथे खातं तेच ठेवून फक्त नाव बदललं. तिथे लोक मला ओळखतात, माझ्या ठेक्याला नव्हे.

एक गाणं उघडून दाखवते

उरलेल्या सहांपैकी एकाचं ध्रुवपद असं होतं:

सांग ना, येशील ना, दार उघडं आहे
तुझ्याविना रात्र ही उगाच वेडी आहे

वेग मिनिटाला 124 ठोके, खाली सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज, आणि गिटारच्या चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे पट्टी चढवणारा चिमटा. ‘सांग ना’मधल्या ‘ना’वर चाल एकदम पंचमावर उडी मारायची आणि तिथे सगळा हॉल माझ्यासोबत ओरडायचा. गाणं चालायचं ते त्या उडीमुळे. दुसरी ओळ म्हणजे निव्वळ भरताड, ‘आहे’ला ‘आहे’ जुळवलेलं.

नव्या नावासाठी मी आधी फक्त वेग कमी केला, 72 वर आणला. भयंकर वाटलं. रडक्या सुरात ‘सांग ना’ म्हणजे निव्वळ लाडीगोडी. मग ‘तू’ काढला. ‘तू’ काढल्यावर ‘सांग ना’ कुणाला म्हणणार, म्हणून तेही गेलं. उरलं फक्त दार. तीन आठवडे त्या दाराशी बसून हे आलं:

दार उघडं राहिलं रात्रभर.
सकाळी पायपुसण्यावर वाळकं पान.

उडी मी ठेवली, पण आता ती ‘उघडं’वर येते. ‘ना’चा आकार मोकळा, त्यावर सूर हवा तेवढा ताणता येतो. ‘उघडं’ शेवटी अर्धवट मिटतं, सूर लांबवायला गेलात की घशातच राहतो. वर जाऊन लगेच खाली यावं लागतं. ओरडायला जागाच उरत नाही, आणि मला तेच हवं होतं. यमकही गेलं. दुसऱ्या ओळीनंतर जुन्या चालीची चार मात्रांची शेपटी उरली होती, ती शब्दांशिवाय नुसती गुणगुणते. पट्टी दोन स्वरांनी खाली आणली, कॅपो काढला.

जुनं गाणं नव्या नावाखाली आणायचं तर एवढं खणावं लागतं. नुसता वेग कमी करून, गिटारवर एकट्याने वाजवून ‘अनप्लग्ड’ म्हणून टाकणार असाल तर ते जुन्या नावाखालीच टाका. तिथे ते शोभेल.

आणि हे करताना जुनी सेशन, म्हणजे संगणकावरची रेकॉर्डिंगची मूळ फाइल, उघडून प्रत्येक ट्रॅक वेगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. माझ्या दोन गाण्यांतला सिंथ आता उघडतच नाही, कारण तो आवाज देणारं प्लगइन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर, नव्या संगणकावर चालत नाही. गाणं आहे, पण त्याचे तुकडे नाहीत.

आकड्यांचं प्रकरण, जिथे मी आपटले

हा भाग रुक्ष आहे. पण वगळलात तर रडाल.

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक आयएसआरसी असतो: बारा अक्षरं-आकड्यांचा कोड, त्या एका रेकॉर्डिंगचा कायमचा. तो गायकाच्या नावाला बांधलेला नसतो. नाव बदललं, डिस्ट्रिब्युटर (म्हणजे आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) बदलला, अल्बमचं मुखपृष्ठ बदललं, तरी रेकॉर्डिंग तेच असेल तर कोड तोच राहायला हवा. गाण्याला, म्हणजे शब्द आणि चालीला, वेगळा कोड असतो, आयएसडब्ल्यूसी, तो ‘टी’ या अक्षराने सुरू होतो. तुम्ही जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड केलंत तर आयएसआरसी नवा, पण गाणं तेच म्हणून आयएसडब्ल्यूसी जुनाच. माझ्यासारखे शब्दच बदलले तर हक्कांच्या सोसायटीला, म्हणजे लेखक-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, विचारा, ते वेगळं रूप म्हणून नोंदवावं लागू शकतं. आणि मूळ गाण्यात कुणी सहलेखक असेल तर शब्दांना हात लावण्याआधी त्याची परवानगी घ्या. लेखी.

माझं काय झालं? सहा गाण्यांपैकी दोन मी नव्याने रेकॉर्ड केली नव्हती, जुनंच रेकॉर्डिंग नव्या नावाखाली हलवायचं होतं. घाईत मी जुन्या डिस्ट्रिब्युटरकडून ती आधी उतरवली, मग नव्याकडे चढवली. फॉर्ममध्ये ‘आयएसआरसी आहे का?’ असा रकाना होता. तो मी रिकामा सोडला, म्हटलं, देतील तेच. त्यांनी दिला, नवाकोरा. परिणाम: चार वर्षांचे स्ट्रीम गेले, लोकांच्या प्लेलिस्टमध्ये गाण्याच्या जागी राखाडी ओळ. त्यात 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा की मागच्या बारा महिन्यांत ज्या ट्रॅकला 1,000 स्ट्रीम नाहीत तिला रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. जुन्या कोडखाली दोन्ही गाणी ती रेघ आरामात ओलांडत होती. नव्या कोडखाली शून्यावरून सुरुवात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि एवढ्यावर भागलं नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरने ती रेकॉर्डिंग्ज यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं गाणं कुठल्या व्हिडिओत वाजतंय ते ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेली होती. खरं तर पाच वर्षांपूर्वी मीच टिक केलं होतं, विसरले होते. नव्या नावाने व्हिडिओ चढवला आणि तासाभरात माझ्याच गाण्यावर माझ्याच जुन्या खात्याचा दावा आला.

योग्य क्रम असा: जुने सगळे आयएसआरसी एका फाइलीत उतरवून घ्या. नव्या डिस्ट्रिब्युटरकडे तेच कोड, तेच शीर्षक, तीच ऑडिओ फाइल देऊन आधी चढवा. दोन्ही आवृत्त्या काही दिवस शेजारी दिसतील, दिसू द्या. स्ट्रीमचे आकडे जुळले की मग जुनी उतरवा आणि तेव्हाच कंटेंट आयडीची नोंदही मागे घ्यायला सांगा. डिस्ट्रिब्युटर तोच ठेवणार असाल तर उतरवूच नका. त्यांना फक्त कलाकाराचं नाव दुरुस्त करायला सांगा, एवढ्यावर काम होतं.

लेखक म्हणून तुमचं कायदेशीर नाव मात्र कुठेच बदलत नाही, हे बरं आहे. सोसायटीकडे नवं नाव टोपणनाव म्हणून जोडायचं. लेखकांना जो आयपीआय क्रमांक असतो त्यात टोपणनावालाही स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तो तुमच्या मूळ नोंदीला जोडलेला राहतो. पैसे चुकत नाहीत. हे अर्ध्या तासाचं काम मी आठ महिने भिजत ठेवलं होतं.

लेबलशी करार झालेला असेल तर पुन्हा रेकॉर्ड करण्याच्या मनाईचं कलम शोधा. अमुक वर्षं तेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही, अशी अट बहुतेक करारांत असते. नाव बदलल्याने ती सुटत नाही, कारण सही खऱ्या माणसाची असते.

आता नाव

मला आवडलेलं पहिलं नाव होतं ‘उंबरा’. दारावरचं गाणं, त्यात उंबरा, सगळं कसं जुळून आलेलं. रोमन लिपीत लिहिलं आणि शोधलं, तर लॅटिनमध्ये सावलीला जो शब्द आहे तोच निघाला, आणि त्या नावाचे बँड ओळीने बाहेर पडले, बहुतेक काळ्या कपड्यांतले. त्यांच्या प्रोफाइलवर माझं संथ गाणं जाऊन पडलं असतं तर दोन्हीकडचे श्रोते दचकले असते. आणि असं खरंच होतं. नाव सारखं असलं की गाणी एकमेकांच्या पानावर जातात आणि ती काढायला तक्रारी कराव्या लागतात.

म्हणून लिपी दोन असतील तर दोन्हीत शोधा. आणि रोमन स्पेलिंग एकच ठरवून ते कागदावर लिहून ठेवा, एक ‘ए’ की दोन, यासकट. एका गाण्यावर एक आणि दुसऱ्यावर दोन गेले की तुमची दोन प्रोफाइल तयार होतात आणि श्रोते त्या दोन्हींत वाटले जातात.

दुसरी परीक्षा फोनची. गोंगाटात फोनवर एकदाच नाव सांगा, समोरच्याने ते बरोबर लिहिलं पाहिजे. माझं जुनं नाव यात दर वेळी नापास व्हायचं. 1993 मध्ये प्रिन्स या अमेरिकन गायकाने नावाच्या जागी एक उच्चारच नसलेलं चिन्ह घेतलं, तेव्हा ते छापता यावं म्हणून वर्तमानपत्रांना फ्लॉपी डिस्कवर फाँट पाठवावा लागला होता. तो प्रिन्स होता, त्याला पाठवणारे लोक होते. तुम्हा-आम्हाला स्वतःच टाइप करावं लागतं.

तिसरी परीक्षा ट्रेडमार्कची. नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रेकॉर्डिंग वर्ग 9 मध्ये येतात आणि करमणुकीच्या सेवा वर्ग 41 मध्ये. तुम्ही जिथे काम करता तिथल्या नोंदवहीत या दोन वर्गांत नाव शोधा. कॅरिबूची गोष्ट आठवा. धमकी येते ती तुमचं नाव थोडंफार झाल्यावर, आधी नाही.

मी शेवटी काय घेतलं ते इथे लिहीत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल. चार अक्षरी मराठी क्रियापद आहे, एवढंच सांगते. त्या नावाने मी तीन महिने कुणालाही न सांगता डेमोच्या फाइलींना नाव दिलं. तीन महिन्यांनी ते अंगावर बसलं होतं. आधीच्या दोन नावांचा मला पंधरा दिवसांत कंटाळा आला होता. ही सगळ्यात स्वस्त परीक्षा, आणि बहुतेक जण तीच वगळतात.

बाहेर काढताना

नव्या प्रोफाइलवर पहिल्या दिवशी एकच गाणं टाकू नका. दारात आलेल्या माणसाला बसायला निदान तीन खुर्च्या हव्यात. मी चार गाण्यांचं ईपी, म्हणजे छोटा अल्बम, तयार ठेवलं होतं आणि त्यातलं एक आधी सोडलं, बाकीची पाच आठवड्यांनी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाआधीच सुचवता येतं, एका वेळी एकच. रिलीज रडारमध्ये ते हमखास यावं यासाठी किमान सात दिवस आधी. मी महिनाभर आधी देते. नव्या नावाचं प्रोफाइल पहिलं गाणं पोहोचेपर्यंत अस्तित्वातच नसतं, त्याचा ताबा मिळायला वेळ जातो.

जुन्या श्रोत्यांना सांगायचं की नाही? सांगा, पण एकदाच, आणि स्पष्टीकरण देऊ नका. मी जुन्या प्रोफाइलच्या परिचयात दोन वाक्यं टाकली: या नावाने आता नवी गाणी येणार नाहीत, मी इथे सापडेन. पहिला मसुदा दीड पानी होता, त्यात माझी अख्खी मानसिक वाटचाल होती. मैत्रिणीने वाचला आणि विचारलं, “कुणी गेलंय का?”

आयोजक वर्षभर तरी पोस्टरवर ‘पूर्वीची अमुक’ असं छापणार. पहिल्यांदा मी भांडले. आता वर्षभराची मुदत देते आणि ईमेलमध्ये तसं लिहिते: अमुक तारखेपर्यंत लहान अक्षरात चालेल, त्यानंतर नाही. तिकिटं विकायची असतात त्यांना, त्यांचंही खरं आहे.

मंचावर जुनं किती गायचं, यावर माझं उत्तर एक गाणं, आणि ते चौथं. पहिलं ठेवलं तर लोक उरलेला वेळ त्याच्या भावंडांची वाट बघतात. शेवटचं ठेवलं तर तेच घरी नेतात. पहिल्या कार्यक्रमात मी दाराचं गाणं नव्या रूपात गायले. ध्रुवपदाशी आल्यावर मागून दोन मुली जुन्या सवयीने ‘ना’वर ओरडल्या आणि मध्येच थांबल्या, कारण तिथे ‘ना’ नव्हताच. मलाही हसू फुटलं. पुढची ओळ हुकली, सगळं कडवं नुसतं वाजवत काढलं.

राहता राहिलं जुन्या नावाचं खातं. ते बंद करू नका. रॉयल्टी तिथेच येत राहते, करारांच्या नोटिसा तिथेच येतात, आणि ज्या ईमेलवर ते उघडलं होतं तो ईमेल गेला तर पासवर्डही गेला. माझा ईमेल जुन्या नावाच्या डोमेनवर होता आणि डोमेनची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते तेव्हा लक्षात आलं. आता दरवर्षी नूतनीकरणाची आठवण लावलेली आहे.

त्या पत्त्यावर अजून अधूनमधून काहीतरी येतं. गेल्या महिन्यात एका मुलाने दाराच्या गाण्याचे कॉर्ड मागितले, जुन्या, वेगवान गाण्याचे. वही शोधून पाठवले, आणि खाली लिहिलं की कॅपो चौथ्या फ्रेटवर लाव, नाहीतर ‘ना’ला आवाज पुरणार नाही.